साहेब, त्याच्या बाटलीतल्या जुन्या सुया आमच्याकडेच येत होत्या

मुंबईत रेल्वे लाइनला ड्युटी करणारे लोहमार्ग पोलीस, आरपीएफचे जवान, आणि स्टेशनबाहेरचे आमचे बीट मार्शल, हवालदार, पीएसआय साहेब, सगळ्यांना स.न.वि.वि.

सुईने नशा करणाऱ्या आमच्या पोरांना सुई जवळ सापडली म्हणून धरू नका, असे अर्ज करून झालेत. दोनदा दिला, आवक-जावकला शिक्का मारून पोच घेतली, पुढे तो कुठल्या फायलीत जाऊन बसला देव जाणे. आमचे मॅनेजर सर म्हणतात धीर धर, बदल्या होतात, नवीन साहेब आले की पहिल्यापासून सांगावं लागतं, हे असंच चालणार. पण मागच्या महिन्यात जे झालं त्यानंतर गप्प बसवेना म्हणून उघड लिहितोय. कुठलं स्टेशन, कोण साहेब, ते लिहीत नाही. मला कुणाला अडकवायचं नाहीये, आणि खरं सांगायचं तर मला उद्या परत तिथंच काम करायचंय.

झालं असं की आमचा एक पोरगा, पोरगा म्हणतोय पण पस्तिशीचा असेल, ब्रिजखाली झोपतो, भंगार वेचतो, तो सकाळी आमच्या डीआयसीकडे यायला निघाला होता. डीआयसी म्हणजे ड्रॉप-इन सेंटर, दोन खोल्या आहेत, तिथं अंघोळ करता येते, जखमेवर पट्टी होते, थोडा वेळ पंख्याखाली पडता येतं. त्याच्या पिशवीत पाण्याची रिकामी बाटली आणि त्यात अकरा वापरलेल्या सुया. त्याच्या एकट्याच्या नाही, ब्रिजखालच्या चौघांच्या. बाकीचे आळशी, हा गोळा करून आणतो, त्याचा त्याला अभिमान पण आहे, येताना बाटली अशी हलवून दाखवतो लांबूनच. त्या दिवशी त्याला मध्येच धरला, बाटली बघितली, दोन कानाखाली दिल्या, बाटली रुळाच्या कडेला फेकायला लावली आणि परत दिसलास तर आत टाकीन म्हणून सोडला. संध्याकाळी मला भेटला तेव्हा म्हणाला, दादा आजपासून सुई जवळ ठेवणार नाय, मारायची आणि तिथंच फेकायची.

दोन वर्षं लागली होती साहेब मला त्याला ती बाटली वापरायला शिकवायला.

आता मी कोण ते सांगतो म्हणजे बाहेरचा कुणी शहाणपणा शिकवतोय असं वाटायला नको. मी पण गर्दुल्लाच. गिरणगावातला. वडील गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. त्याच सुमाराला मुंबईत ब्राऊन शुगर, म्हणजे हलकं हेरॉइन, आली, चाळीतली मोठी पोरं जिन्याखाली पन्नीवर ओढायला लागली, मी त्यांच्या मागच्या बॅचचा. आधी पन्नी, मग सुई. लोकांना वाटतं सुईवर माणूस मजा म्हणून जातो. मजा कसली, पन्नीला माल जास्त लागतो, टोचलं की कमी पुडीत काम भागतं, खिसा रिकामा झाला की माणूस सुईवर येतो. पाच वर्षं टोचलं मी. एचआयव्ही झाला नाही हे नशीब, त्यात हुशारी काही नाही. हेपटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा लिव्हरचा आजार, मात्र झाला होता, तो कळला पार २०१९ ला, सरकारी कार्यक्रमात तीन महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळाल्या आणि बरा झालो. आता ओआरडब्ल्यू आहे, आउटरीच वर्कर. गळ्यात कार्ड असतं, पाठीला बॅग.

त्या बॅगेत काय असतं ते तुम्ही बऱ्याचदा उघडून बघितलंय, पण कशासाठी असतं ते सांगायला वेळ मिळाला नाही. नवीन सिरिंज, सुया, स्पिरिटचे स्वॅब, पट्टीचं सामान, कंडोम, आणि एक पांढरा जाड प्लास्टिकचा डबा, जो आतून टोचून फुटत नाही. लाइनच्या कडेने, ब्रिजखाली, बंद पडलेल्या शेडच्या मागे, जिथं पोरं बसतात तिथं जायचं. दिवसाला किती मारतोस विचारायचं. तीन म्हणाला तर आठवड्याच्या एकवीस. जुन्या किती आणल्यास, टाक डब्यात. त्यानेच टाकायच्या, मी हात लावत नाही, खाली पडली तर चिमट्याने उचलायची. मग रजिस्टरला लिहायचं, दिल्या किती, आल्या किती. वरून तपासणीला येतात ते लोक हा दुसरा आकडा पण बघतात. डबा भरला की निर्जंतुक करून दवाखान्याच्या कचऱ्याच्या गाडीला जातो. हे काय संस्थेच्या मनाला आलं म्हणून चाललेलं नाही, नॅको म्हणजे केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संघटना, तिचा हा कार्यक्रम आहे, ती सुई सरकारच्या पैशाची आहे. म्हणजे तुम्ही सरकार, मी सरकारच्या कामावर, सुई सरकारची, आणि मार खातो तो बाटलीवाला.

सुई का बदलायची तेही सांगतो, कारण एकदा एका साहेबांनी मला विचारलं होतं, धुऊन वापरली तर काय होतं? नस लागली का बघायला दट्ट्या जरासा मागे ओढतात, रक्त सिरिंजमध्ये येतं, ते लाल दिसलं की मग पुढे ढकलायचं. ते रक्त पूर्ण जात नाही, सुईच्या बुडाशी राहतं. पाण्याने खळखळून धुतलं तरी राहतं. तीच सुई दुसऱ्याने घेतली की ते थेट त्याच्या नसेत. एचआयव्ही असाच जातो, आणि हेपटायटिस सी तर त्याहून चिवट, एकाच बाटलीच्या झाकणात माल विरघळवला, एकच कापूस वापरला, तरी जातो, सुई वेगळी असून उपयोग नाही. मला बहुतेक असाच झाला असावा, झाकण आमचं एकच असायचं.

आपल्या देशात मोठ्या माणसांत एचआयव्ही धरला तर हजारात साधारण दोघांना. सुईने नशा करणाऱ्यांत २०२१ च्या सरकारी पाहणीत शंभरात नऊ निघाले, म्हणजे हजारात नव्वद. आणि असे टोचणारे देशात साडेआठ लाखांच्या आसपास आहेत असा २०१९ च्या एम्सच्या सर्वेचा अंदाज. ही माणसं कुठं वेगळ्या बेटावर राहत नाहीत ना, त्यांना बायका आहेत, मैत्रिणी आहेत.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल की हे पोलिसांना कशाला सांगतोस, हे डॉक्टरांचं काम. तर ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक गोष्ट सांगितली होती ती माझ्या डोक्यातून जात नाही. स्कॉटलंडमध्ये एडिनबरा म्हणून शहर आहे. ८० च्या दशकात तिथं हेरॉइन फार वाढलं, तर पोलिसांनी काय केलं, सुया दिसल्या की जप्त. दुकानात सिरिंज मिळायची बंद झाली. हेतू चांगलाच असणार, सुई नाही तर नशा नाही असं वाटलं असेल. नशा काय थांबली नाही, एकेका सुईवर दहा-दहा जण आले. तिथल्या एका डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात येणाऱ्या हेरॉइनवाल्यांचं रक्त तपासलं, ते १९८६ ला छापून आलं, ५१ टक्के पॉझिटिव्ह. अर्ध्याहून जास्त! तिथून तासाभरावर ग्लासगो, तिथंही हेरॉइन होतं, पण एचआयव्ही पुष्कळच कमी. मग एडिनबराने धोरण बदललं, नवीन सुया द्यायला लागले, हेरॉइनऐवजी औषध द्यायला लागले, तेव्हा ते आटोक्यात आलं. स्कॉटलंड लांब वाटत असेल तर आपलं मणिपूर घ्या, १९८९ पर्यंत तिथं टोचणाऱ्यांत एचआयव्ही सापडत नव्हता आणि मग वर्षभराच्या आत निम्म्याच्या घरात गेला. ही आग इतक्या वेगाने लागते, आणि विझवायला मात्र वीस-वीस वर्षं.

मला एडिनबराच्या पोलिसांचा राग येत नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगतोय.

कायद्याचं बोलायचं तर मी वकील नाही, पण एक कलम मला पाठ आहे. २०१७ चा एचआयव्ही एड्स कायदा, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्याचं कलम २२. एचआयव्ही पसरू नये म्हणून सरकारच्या गाइडलाइनप्रमाणे जे काम केलं जातं ते गुन्हा धरता येणार नाही, दुसऱ्या कुठल्या कायद्यात काहीही लिहिलेलं असो. आणि त्या कलमाखाली चक्क उदाहरण दिलंय, शाळेच्या गणितासारखं, की एक जण नोंदणी असलेल्या सुई-बदल कार्यक्रमात काम करतो, तो नशा करणाऱ्या दुसऱ्याला नवीन सुई देतो आणि तो दुसरा त्याबदल्यात जुनी देतो, तर दोघांवरही गुन्हा नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. त्यातला पहिला मी आणि दुसरा आमचा बाटलीवाला, संसदेने आमच्या दोघांचा विचार करून ठेवलाय आणि आम्हाला ते माहीतच नव्हतं.

माल सापडला तर एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, आहेच, तुमचं काम तुम्ही करा, मी त्यात बोलणारा कोण. फक्त त्याच कायद्यात ६४ अ पण आहे, सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या केसमध्ये माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यातून सूट मिळते, तेही कधीतरी त्याच्या कानावर घाला. आणि आमची पोरं साधुसंत नाहीत, मला माहितेय. मोबाईल मारतात, गटाराची झाकणं विकतात, माझीच चप्पल दोनदा गेलीय. चोरी केली तर चोरीत धरा. सुई जवळ होती म्हणून धरू नका एवढंच म्हणणं आहे.

आता तुमच्याच एकाची गोष्ट. दोन-तीन वर्षांपूर्वीची. मराठवाड्यातला तरुण शिपाई, नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष. झडती घेताना पोराच्या पॅन्टच्या मागच्या खिशात हात घातला आणि सुई बोटात. पोराला मार पडला तो पडलाच, मग त्याच्या खिशात आमचं कार्ड सापडलं म्हणून मला फोन. मी पोचलो तेव्हा हा बोट दाबून दाबून रक्त काढत बसला होता. म्हटलं दाबू नकोस, तोंडात घालू नकोस, नळाखाली धर आणि साबणाने धू. रिक्षात घातला आणि पालिकेच्या हॉस्पिटलच्या कॅज्युल्टीत नेला. असं टोचलं की औषध मिळतं, पेप म्हणतात त्याला, ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, पहिल्या दोन तासांत मिळालं तर उत्तम, २८ दिवस रोज. सुई एचआयव्ही असलेल्याची असली तरी अशा टोचण्यातून लागण व्हायची शक्यता हजारात तीन, औषध घेतलं की अजून कमी. हे सगळं मी त्याला केस पेपरच्या लाइनीत सांगत होतो आणि तो माझ्याकडे बघत पण नव्हता. मग एकदम म्हणाला, दादा, दिवाळीनंतर लग्न आहे माझं.

आणि मग विचारलं, त्याला आहे का?

मला माहीत होतं आहे की नाही ते. सांगता येत नव्हतं, त्याच कायद्यात आहे, ज्याची त्याची परवानगी असल्याशिवाय स्टेटस सांगायचं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं, कॉलर धरून विचारलं असतं. मी म्हटलं डॉक्टर जे द्यायचं ते देतील, तू फक्त एकही दिवस चुकवू नकोस. रात्री अकरापर्यंत बसलो होतो तिथं बाकड्यावर, वडापाव आणला, त्याने अर्धा खाल्ला. पुढच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आल्या, लग्न झालं, पत्रिका दिली मला, गेलो नाही, लांब होतं.

त्या पोराला मी नंतर विचारलं, अरे साहेबांनी हात घालायच्या आधी सांगायचं ना, सुई आहे म्हणून. तर म्हणाला, सांगितलं असतं तर मारलं असतं. बघा म्हणजे. सुईसाठी मार पडतो हे पक्कं डोक्यात बसलंय म्हणून तो गप्प राहिला, आणि टोचली कुणाला? तो शिपाई आता हात घालायच्या आधी विचारतो, टोचणारं काय आहे का, असेल तर तूच काढ आणि तिकडे ठेव, मी काय करणार नाही. पोरं काढून ठेवतात. एवढी साधी गोष्ट आहे. रुळाच्या कडेला टाकायला लावलेल्या त्या अकरा सुया मात्र कुणाला टोचल्या असतील, ट्रॅकमनला, कागद वेचणाऱ्या बाईला, का कुठल्या पोराला, ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी चिमटा घेऊन गेलो होतो. सात सापडल्या.

तुम्ही सुया वाटता म्हणून हे वाढलेत, हे मला आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं. डीआयसीशेजारच्या काकू रोज म्हणतात, त्यांचं एक समजू शकतो, दारात अशी माणसं कुणाला आवडतील. पण सुई मिळाली म्हणून कुणी टोचायला लागलेला मी तरी आजवर बघितला नाही, जसं पोळपाट मिळाला म्हणून कुणाला भूक लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जगभरातले अभ्यास चाळून २००४ ला हेच सांगितलं, एचआयव्ही कमी होतो आणि नशा वाढल्याचा काही ठोस पुरावा नाही. उलट सुईसाठी आमच्याकडे येतो, एकदा येतो दोनदा येतो, मग एखाद्या पावसाळी दुपारी बसल्या बसल्या स्वतःच विचारतो, ती जिभेखालची गोळी मिळते ती कशी असते. ओएसटी म्हणतात तिला, ब्युप्रेनॉर्फिन, रोज सेंटरला जायचं, नर्ससमोर जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत हलायचं नाही. मग टर्की, म्हणजे माल न मिळाल्याचा त्रास, येत नाही, सुई लागत नाही, माणूस हळूहळू कामाला लागतो. मी स्वतः तसाच सुटलो, भाषण ऐकून नाही.

यावरून लॉकअपचं सांगायचं राहिलं. ओएसटीवरचा माणूस आत गेला आणि गोळी चुकली की दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, थंडी, अंग मोडून येतं. नाटक नसतं ते साहेब. एआरटी, म्हणजे एचआयव्हीचं औषध, चालू असलेल्याची गोळी चुकली तर ते दिसत नाही, पण औषध निकामी व्हायला लागतं. त्याच्याकडे कार्ड असेल, त्यावर सेंटरचा नंबर असतो, एक फोन करा, पुढचं आमचे डॉक्टर तुमच्या साहेबांशी बोलून बघतील. आणि जेलमधून सुटलेल्याला बाहेर येताच जुनाच डोस झेपत नाही, शरीर विसरलेलं असतं, पहिल्या काही दिवसांतच मरतात पोरं. अशा वेळी सोबतचे पळून जातात, पोलीस येतील म्हणून, नाहीतर वाचला असता असे दोन तरी मी उचललेत.

बायका पण आहेत बरं का यात, कमी दिसतात कारण त्या लपतात. त्यांना बहुतेक नवरा नाहीतर यार टोचतो, आधी स्वतःला मग तिला, त्याच सुईने. त्यांच्याशी बोलायला आमच्या ताई जातात. त्या ताईंनाच दोनदा धंदेवाली समजून चौकीत बसवून ठेवलं होतं, कार्ड गळ्यात असताना. महिला अंमलदार कुणी हे वाचत असतील तर त्यांनी जरा बघा.

चूक आमची पण आहे. कधी कधी वरूनच स्टॉक येत नाही, पंधरा-पंधरा दिवस सुया कमी पडतात, तेव्हा पोरं जुन्याच वापरतात, आणि आम्ही पण प्रत्येक स्पॉटला आठवड्याला पोचतोच असं नाही. तुमच्याकडे बदली होऊन नवीन माणूस आला तर आपणहून येऊन भेटायला पाहिजे ते आम्ही करत नाही, घाबरतो.

म्हणून आता अर्ज नाही, सरळ मागतो. रोल कॉलच्या आधी पंधरा मिनिटं द्या, सकाळचा असो रात्रीचा असो, मी येतो. पांढरा डबा दाखवायला आणीन, रिकामाच. कार्ड कसं दिसतं ते दाखवतो, टोचलं तर काय करायचं ते सांगतो, कलम २२ ची झेरॉक्स ठाणे अंमलदारांच्या टेबलावर लावायला देतो. आमच्या गेटसमोर आणि ओएसटीच्या रांगेपाशी पोरं उचलायला थांबू नका, तिथून एक उचलला की महिनाभर चाळीस येत नाहीत.

आणि तो बाटलीवाला. त्या दिवसापासून डीआयसीला आलेला नाही, ब्रिजखाली पण जागा बदललीय त्याने, बाकीचे तिघं म्हणतात पुढच्या स्टेशनला दिसतो. तुमच्यापैकी कुणाला दिसला, उंच आहे, डाव्या पायाने जरा लंगडतो, तर एवढंच सांगा की दादा बुधवारी अकरा वाजता नेहमीच्या ठिकाणी थांबणार आहे, डबा घेऊन.

आपला,
लाइनीवरचा एक ओआरडब्ल्यू